पाचपर्यंत

रविवारची दुपार, पावणेचार. जेवणाच्या टेबलावर आठवी ‘ब’चे अडतीस पेपर, लाल पेन, मोबाइल आणि गार होऊन साय धरलेला चहा. डोळ्यांवर झापड येतेय आणि मी ती येऊ देत नाहीये, कारण सातवा प्रश्न अजून तसाच आहे.

सातवा प्रश्न माझाच. रिकामी जागा भरा. ‘आय विल बी ॲट द बस स्टँड डॅश फाइव्ह ओ’क्लॉक.’ पर्याय दोन, बाय आणि टिल. एकवीस पोरांनी टिल लिहिलंय, सतराजणांनी बाय. आणि कपाळ माझं, दोन्ही बरोबर आहेत! पाच वाजायच्या आत स्टँडवर पोचलेला असेन, असं म्हणायचं तर बाय. पाच वाजेस्तोवर तिथेच असेन, मग निघेन, असं म्हणायचं तर टिल. मराठीत आपण दोन्हीकडे ‘पाचपर्यंत’ म्हणतो आणि कुणाचं काही अडत नाही. इंग्रजीत अडतं. माझं तर चांगलंच अडलंय.

काल एक पालक शाळेत येऊन भांडून गेले. आमच्या मुख्याध्यापिका रणवरे बाई, त्या इतिहासाच्या. त्या म्हणाल्या, “भोईटे मॅडम, एका प्रश्नाला एक उत्तर. दोन्ही बरोबर असं कुठं असतं का? सोमवारी सकाळी मला एक काय ते सांगा.” तीस वर्षं इंग्रजी शिकवतेय मी फलटणमध्ये. असला अडाणी प्रश्न माझ्या हातून गेलाच कसा, म्हणून मी दोन दिवस स्वतःवरच चिडलेय. कसा गेला ते मला ठाऊक आहे. ते रणवरे बाईंना सांगण्यासारखं नाही, एवढंच.

पंखा फिरतोय. सतरा आणि एकवीस अडतीस, बेरीज तरी बरोबर आहे. बाय. टिल. पेनचं टोपण सापडत नाही. हाताखाली कुणाचा तरी पेपर, हातावर माझा गाल.

समोरची खुर्ची सरकते.

“आगं अक्का, झोपतीस काय? पाच वाजत आले की.”

मी मान वर करत नाही. आवाज ओळखीचा आहे. हा माझा धाकटा भाऊ भालचंद्र, आमचा भालू. अकलूजकडच्या एका साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये होता. तो जाऊन दहा महिने झाले. सकाळी दात घासता घासता छातीत कळ आली आणि बेसिनपाशीच बसला, तो उठलाच नाही. वय त्रेपन्न.

“कुठनं आलास?” मी विचारते.

“स्टँडवरनं.”

आता मी बघते. तोच फिकट निळा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं. हातात कागदाचा पुडा, त्यातले खारे शेंगदाणे एकेक करून तोंडात टाकतोय आणि सालं माझ्या पेपरांवर पडतायत.

“मेल्या, सालं कुठे टाकतोस!” मी ओरडते आणि लगेच जीभ चावते.

तो खो खो हसतो. “पन्नास वर्षं म्हणत आलीस. आता कुठं बरोबर आलं.”

मला हसूही येतं आणि रागही येतो. दहा महिने हा एकदाही स्वप्नात आला नाही. सुनंदाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, स्वप्नात येतो. केतकीच्या, त्याच्या मुलीच्या, येतो. शेजारच्या पाटलांच्या स्वप्नातसुद्धा येऊन म्हणे ‘मोटार बंद करा, टाकी भरली’ म्हणून सांगून गेला. माझ्याकडे नाही. आणि आज आलाय तर शेंगदाणे खातोय.

“काय तपासतीस?” तो एक पेपर ओढतो. “अरे वा. सातवा माझाच दिसतोय.”

“ठेव तो. हात लावू नकोस.”

“उत्तर काय लिहिलंयस मग? बाय का टिल?”

“तेच तुला विचारायचंय,” मी म्हणते. माझा आवाज चढतो. “दहा महिने झाले, तेच एक विचारायचंय. तू नेमकं काय लिहिलं होतंस?”

“थांब जरा,” तो म्हणतो. “पाहुणे आलेत.”

मी पेपर बाजूला सारते तर खाली टेबल नाही, मंगल कार्यालयातली जाजमं आहेत. केतकीचा साखरपुडा चाललाय. मुलाकडचे बेंगळुरूचे, त्यांना मराठी येत नाही, आणि ते दोन तास उशिरा आलेत. भालू नव्या सफारीत, घामाघूम, हात जोडून दारात उभा आहे. मला पुढचं वाक्य माहीत आहे. मी त्याच्याकडे धावते, पण खुर्च्याच खुर्च्या मध्ये येतात.

“वेलकम, वेलकम,” भालू म्हणतो. “वुई आर वेटिंग फॉर यू सिन्स टू अवर्स.”

आणि मागून एक बाई मोठ्यांदा म्हणते, “फॉर टू अवर्स! सिन्स नाही रे, फॉर!”

ती बाई मी आहे. जरीची साडी, गजरा, हातात पेढ्यांचं ताट. सगळे हसतात. व्याही हसतात, केतकीच्या मैत्रिणी हसतात, भालूही हसतो, पण त्याचे कान लाल होतात. लहानपणी वडील ओरडले की अगदी असेच व्हायचे.

“गप्प बस की गं बाई!” मी त्या पेढेवालीला म्हणते. ती काही ऐकत नाही. ती व्याह्यांना इंग्रजीतून समजावून सांगतेय, “सिन्स कधी, तर सुरुवातीची वेळ सांगायची असेल तेव्हा. कालावधी सांगायचा असेल तर फॉर.” देवा रे! खरंच एवढं सगळं बोलले होते मी तेव्हा?

“बोललीस की,” भालू शेजारी येऊन उभा राहतो. “उदाहरणंसुद्धा दिलीस, दोन.”

“मग तिथल्या तिथं मला झापायचं होतंस. चार महिने तोंड शिवून बसायची काय गरज होती?”

“तू केलास का फोन?”

“मी का करू? मी चुकीचं काय बोलले होते?” असं माझ्या तोंडून निघतं. स्वप्नातसुद्धा हेच निघतं, आणि माझी मलाच चीड येते.

भालूला इंग्रजी मीच शिकवत होते, फोनवर, रोज रात्री जेवणं झाल्यावर. कारखान्यात मेलवर मेल यायला लागले होते आणि साहेबलोक याच्या उत्तरांना हसायचे. मग मी त्याला नियम घालून दिला, आजपासून मला मेसेज इंग्रजीतच करायचा, मराठीत केलास तर उत्तर देणार नाही. त्याने तो पाळला. पण वेळ आली की त्याचं ठरलेलं, अपटू. ‘आय विल रीच अपटू एट.’ ‘केतकी इज इन पुणे अपटू मंडे.’ मराठीतला पर्यंत उचलायचा आणि तिथे अपटू चिकटवायचा. मी सांगून सांगून दमले. “अरे, वेळेला अपटू वापरू नकोस. पोचायचं असेल तर बाय, थांबायचं असेल तर टिल. डोक्यात शिरतंय का?” तो म्हणायचा, “शिरतंय अक्का,” आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अपटू.

“वहीत लिहून ठेवलं होतं मी,” भालू म्हणतो. “पोचायचं, बाय. थांबायचं, टिल. खाली दोन रेघा मारल्या होत्या.”

“आणि तरी अपटूच.”

“आगं, सवय.”

पायाखालची जाजमं गेलीयेत. खाली फरशी आहे, तेल सांडलेली. फलटणचं स्टँड, फलाट क्रमांक चार. पण फलाटावर बाकं आमच्या वर्गातली आहेत आणि भालू पहिल्या बाकावर बसलाय. गुडघे बाकात मावत नाहीत म्हणून तिरका बसलाय. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन. माझ्या हातात स्टीलचा डबा. डब्यात काय आहे ते मला माहीत आहे. डिंकाचे लाडू.

गेल्या डिसेंबरातला बुधवार. चार महिन्यांच्या अबोल्यानंतर दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी त्याचा मेसेज आला. ‘आय विल बी ॲट फलटण स्टँड टिल फाइव्ह. प्लीज कम अक्का.’ मी तो वाचला आणि पहिल्यांदा माझ्या मनात काय आलं असेल? टिल नाही रे गाढवा, बाय! पाचपर्यंत येतोय हा स्टँडवर, असं मी धरलं. त्याचं कधी बरोबर आलंय, की आज येईल? म्हटलं चला, दोन तास आहेत. लाडू डब्यात भरले. साडीला इस्त्री केली. स्टँड माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. त्यातून म्हटलं, भालूचे पाच म्हणजे साडेपाच, आणि आपण आधी जाऊन ताटकळत उभं राहिलो तर बरं दिसणार नाही, चूक काही आपली नव्हती. सव्वापाचला पोचले. पावणेसातपर्यंत उभी होते. तो आला नाही.

म्हणजे मला वाटलं, आला नाही.

डबा घेऊन घरी आले आणि अशी चिडले म्हणून सांगू! बोलावतो आणि येत नाही, चार लोकांत उभं करतो, समजतो कोण स्वतःला. फोन केला नाही. मेसेज केला नाही. त्यानेही नाही. अकराव्या दिवशी सकाळी सुनंदाचा फोन आला.

आता सगळं तुमच्यासमोर आहे. तो पाचच्या आत येणार होता आणि आला नाही, की आधीपासूनच तिथे बसला होता आणि पाचला निघून गेला? एवढंच मला कळायला हवंय. एका शब्दाचा प्रश्न. सुनंदाला विचारायची माझी छाती होत नाही. काय विचारू? तुझा नवरा त्या बुधवारी कुठे होता?

“सांग,” मी त्याच्या बाकासमोर उभी राहते. डबा बाकावर आपटते. “बाय की टिल?”

“बाईंनी सांगायचं. मी विद्यार्थी.”

“भालू, माझा अंत बघू नकोस.”

“अंताचं माझ्यापाशी काढतीस होय?” त्याला पुन्हा हसू फुटतं. तो डब्याचं झाकण उघडतो. आत लाडू नाहीत, खडूचे तुकडे भरलेत. तो एक उचलून बघतो, ठेवून देतो. “तू तेवढं वर सरकव की.”

“काय वर सरकवू?”

“मोबाइल. माझे मेसेज. शेवटचाच एक घेऊन बसलीयेस. वरचे वाच.”

मी वाचत नाही, वाचलेले नाहीत. तो गेल्यापासून त्याचं नाव उघडायचं, शेवटचा मेसेज बघायचा आणि बंद करायचं, एवढंच जमतं मला. वरचं काही बघवत नाही. पण मोबाइल माझ्या हातातच आहे आणि अंगठा आपोआप सरकतो. ‘रीच्ड होम. विल कॉल अपटू नाइन.’ ‘साहेब इज ऑन लीव्ह अपटू थर्सडे.’ ‘अक्का सेंड लाडू अपटू दिवाळी.’ अपटू, अपटू, अपटू. दोन वर्षांचे मेसेज, आणि बाय नाही, टिलही नाही. एकदाही नाही.

मी पुन्हा खाली येते. ‘टिल फाइव्ह.’

“हा एकच,” मी म्हणते.

“एकच.”

“तू अपटू लिहिलं नाहीस.”

“वही बघून लिहिलं,” भालू म्हणतो. “एसटीत वही काढून बघितली. म्हटलं, चार महिन्यांनी बोलायचं तर निदान चुकायला नको. परत सगळ्यांसमोर फॉर टू अवर्स नको बाबा. पोचायचं, बाय. थांबायचं, टिल. मी तर थांबणार होतो.”

मला बसावंसं वाटतं. त्याच बाकावर त्याच्या शेजारी बसते. बाक लहान आहे, दोघांना पुरत नाही, तरी तो सरकतो.

“तू आधीच आला होतास.”

“तीनला. उतरलो आणि मेसेज पाठवला. तू तो वाचलास ते दिसलं मला. लगेच दोन निळ्या खुणा आल्या की. म्हटलं, वाचलंय, म्हणजे येतीय. शेंगदाणे घेतले. चार वाजले. म्हटलं, साडी नेसत असेल. साडेचार झाले. मग म्हटलं…”

“काय म्हटलंस?”

तो शेंगदाण्याचा पुडा चुरगाळतो.

“म्हटलं, वाचलंय आणि तरी येत नाही. अजून फुगलीय. पाचच्या गाडीत बसलो.”

दहा महिने मी हेच वाक्य ऐकायला घाबरत होते. माझा हा एकुलता एक भाऊ अकरा दिवस असं धरून चालला होता की बहिणीने मेसेज वाचला, दहा मिनिटांवर घर असताना ती आली नाही. तेच धरून तो गेला. मला रडू येत नाही. राग येतो, असा राग येतो की ते घड्याळ काढून आपटावं.

“मराठीत लिहायला काय झालं होतं तुला!” मी किंचाळते. “मराठीत लिहिलं असतंस तर ‘पाचपर्यंत थांबतो’ लिहिलं असतंस ना? थांबतो म्हटल्यावर मी चप्पल न घालता धावत आले असते रे!”

“तूच म्हणाली होतीस, मराठीत केलास तर उत्तर देणार नाही.”

मी डब्याचं झाकण परत लावते.

“मी आले होते,” मी म्हणते. “सव्वापाचला. लाडू घेऊन. पावणेसातपर्यंत उभी होते मी इथे, याच खांबापाशी.”

भालू माझ्याकडे वळून बघतो. जिवंतपणी असं कधी बघितलं नव्हतं त्याने.

“खरं?”

“तुझी शपथ. आता तुझी घेऊन काय उपयोग म्हणा. माझी शपथ.”

“डिंकाचे?”

“डिंकाचेच. खारीक जास्त घालून.”

“आयला!” तो कपाळावर हात मारतो. “आणि मला वाटलं…” आणि तो हसायला लागतो, पोट धरून, बाक हलेपर्यंत हसतो. “म्हणजे मी बरोबर लिहिलं म्हणून चुकामूक झाली? अपटू लिहिलं असतं तर तू निदान फोन करून विचारलं तरी असतंस, ‘गाढवा, बाय की टिल?’”

“विचारलंच असतं.”

“तरी म्हणत होतो, तुझं इंग्रजी मला मानवत नाही.”

“हसू नकोस, मेल्या.” या वेळी मी जीभ चावत नाही.

अकलूजची गाडी फलाटाला लागते. वर्गातली बाकं तिच्यात खिडकीखिडकीशी दिसतायत. कंडक्टर दाराशी उभा राहून हजेरी घेतोय आणि भालू ‘हजर’ म्हणून उठतो. मी त्याचा शर्ट धरते.

“एक मिनिट. पाच नाही वाजलेले अजून.”

“अक्का, मला उत्तर दे की. दहा महिने झाले, माझा मेसेज तसाच आहे. वाचतीस आणि ठेवतीस.”

“काय लिहू? इंग्रजीत…”

“इंग्रजीत नको बाई!” आता तो वैतागलाय, हात जोडतो. “तुला येतं त्यात लिही.”

तो मला सातव्या प्रश्नाचा कागद देतो. मी रिकाम्या जागेवर लाल पेन टेकवते तर ते उमटत नाही. झटकते, पुन्हा टेकवते. गाडी हलायला लागते. भालू खिडकीत बसलाय, शेंगदाण्याचं साल त्याच्या मिशीला चिकटलंय.

“येतो गं अक्का!” तो ओरडतो.

“कधीपर्यंत?” मी विचारते, आणि माझं मलाच कळतं की हे विचारायला नको होतं. त्याने काही उत्तर दिलं असेल तर ते गाडीच्या आवाजात मला ऐकू येत नाही. मी लिहितेय, कागद मऊ आहे, काचेसारखा गुळगुळीत आहे, मी बोटानेच लिहितेय.

मान दुखतेय. गालाला कुणाच्या तरी पेपराची पिन टोचलीय. पंखा फिरतोय, चहा तसाच. भिंतीवरच्या घड्याळात पाचला अठरा मिनिटं कमी. टेबलावर शेंगदाण्याची सालं नाहीत, मी नीट बघते, पेपर उचलून झटकूनसुद्धा बघते. नाहीत.

मोबाइल माझ्या उजव्या मुठीत आहे. उघडते तर भालूचं नाव समोर. त्याचा तो शेवटचा मेसेज, आणि त्याच्याखाली, जिथे दहा महिने काही नव्हतं, तिथे माझा. आजचा. चार वाजून एकेचाळीस मिनिटांनी गेलेला.

‘थांब. पाचपर्यंत येते.’

शेजारी करड्या रंगाची एकच खूण आहे. दुसरी उमटत नाही. मी पाच वाजेपर्यंत तिच्याकडे बघत बसते, मग लाल पेन घेते आणि अडतीसच्या अडतीस पोरांना सातव्या प्रश्नाचा पूर्ण गुण देऊन टाकते.